मारोतीचा करपलेला गंज : एका तांब्याच्या भांड्याच्या सफाईचे प्रकरण

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या मारोतीच्या देवळात तांब्याचा एक गंज, म्हणजे स्वयंपाकाचे मोठे भांडे, आहे. त्यात छत्तीस लिटर पाणी मावते, रिकामा असताना त्याचे वजन सात किलोच्या आसपास भरते, आणि त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत ‘श्री मारोती संस्थान, शके १८८२’ असे ठोकलेले आहे. म्हणजे तो १९६० च्या सुमाराचा. एरवी तो देवळाच्या माळ्यावर पालथा पडलेला असतो, कारण जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आल्यापासून एवढे धूड उचलायला कोणी राजी होत नाही. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला रोडगे (निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि वरण असा ठरलेला बेत असतो. यंदा पाहुण्या गावांची माणसे जास्त येणार असे दिसल्यावर वरणासाठी तिसरे भांडे हवे झाले आणि गंज माळ्यावरून खाली उतरला.

त्या दिवशी काय घडले हे मला नंतर चार जणांकडून कळले, आणि चौघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. गंजात सहा किलो तुरीची डाळ आणि पाणी घालून तो तीन दगडांच्या चुलीवर चढवला होता. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ होता. पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि पुन्हा पुन्हा सारून द्याव्या लागतात, त्यामुळे आच कधी एकसारखी राहत नाही. डाळ शिजून घट्ट होऊ लागली त्याच वेळी रोडग्यांवरची राख झटकायला हात कमी पडले आणि वरण ढवळणारा तिकडे गेला. करपट वास सुटल्यावर वरचे वरण घाईघाईने दुसऱ्या भांड्यांत उपसून घेतले. गंज मात्र तसाच, तळाला चिकटलेल्या थरासह, इंगळावर राहिला. तो किती वेळ राहिला याविषयी मात्र चौघांचे एकमत नाही. कोणी दहा मिनिटे म्हणतो, कोणी अर्धा तास. या प्रकरणाचा सगळा पेच त्या वेळात आहे, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा विचारला.

मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे आणि निवृत्तीनंतर गावात राहतो. तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरे मला बोलवायला आली, तोवर त्यांचे निम्मे उपाय करून झाले होते. तापलेल्या गंजात थंड पाणी ओतले होते, वावरातले खुरपे आणून तळ खरवडला होता, वाळू आणि तारेची घासणी चालवली होती, आणि एकाने चिंचेचे पाणी रात्रभर ठेवून पाहिले होते. तळावरचा काळा थर मात्र जवळजवळ तसाच होता. पोरांची तक्रार एवढीच होती की चिंचेने तांब्याचा तांब्या लख्ख निघतो, मग हा गंज का निघत नाही.

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर भांड्यावर दिसणाऱ्या काळ्या रंगात होते. त्या गंजावर तीन निरनिराळ्या जातींचे काळे होते. बाहेरून पऱ्हाट्यांच्या धुराची काजळी होती. ती बोटाला लागते आणि राखेने किंवा साबणाने निघते. काजळीच्या खाली तांब्याचा स्वतःचा काळपटपणा होता, म्हणजे तापलेल्या तांब्याची हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडून झालेले ऑक्साइड; चिंच, लिंबू, आंबट ताक यांतल्या आम्लाने ते विरघळते, आणि सोबत मीठ असेल तर काम जलद होते. तिसरे काळे आतल्या तळावरचे, म्हणजे जळालेल्या डाळीचा कोळसा. कोळशाला आंबटाचे काही देणेघेणे नसते. चिंचेत तो आठ दिवस भिजवला तरी कोळसा कोळसाच राहील, आणि दरम्यान चिंच त्याच्या फटींतून खाली उतरून तळाच्या धातूवर काम करीत राहील. पोरांनी बाहेरच्या काळ्याचे औषध आतल्या काळ्याला लावले होते.

डाळ तांब्याच्याच भांड्यात एवढी का जळावी, असेही एकाने विचारले. तांबे स्टीलपेक्षा सुमारे २५ पट चांगले उष्णता वाहते, त्यामुळे चुलीतला जाळ मध्ये असला तरी आच तळभर पसरते आणि पातळ पदार्थ एकसारखा शिजतो. हा गुण घट्ट वरणात उलटतो. पाणी फिरते आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. डाळ बसून घट्ट झाली, तिच्या खालच्या थरातले पाणी आटले, की त्या थराला थंड ठेवणारे काही उरत नाही. चुलीवर आचेची चढउतार हाताने सांभाळावी लागते, आणि तांबे ती चढउतार तत्काळ पदार्थापर्यंत पोचवते. ढवळणारा हात थांबला की मग वेळ लागत नाही.

कोळसा सुटा करायला मी खाण्याचा सोडा सांगितला. गंजात करपलेला थर नीट बुडेल एवढे, म्हणजे आठेक लिटर पाणी घेतले, त्यात पाव किलो सोडा घातला आणि मंद आचेवर अर्धा तास उकळू दिले. उकळताना सोड्याचा क्षार अधिक तीव्र होतो. तो डाळीतली प्रथिने आणि अर्धवट जळलेला पिष्टाचा भाग मऊ करतो, आणि वरचा कोळसा ज्या चिकट थरावर बसलेला असतो तोच सुटू लागतो. वीस मिनिटांनी कडेचे पापुद्रे उचकटून पाण्यावर तरंगू लागले, तेव्हा पोरांचा माझ्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. पाणी कोमट झाल्यावर लाकडी सराट्याने, रेटा न देता, तळ सारखा फिरवून घेतला. थरांतला निम्म्याहून अधिक भाग निघाला. उरलेल्यासाठी तीच क्रिया पुन्हा केली, आणि या दुसऱ्या वेळी एक चूक माझ्याकडून झाली : अंधार पडला म्हणून सोड्याचे पाणी सकाळपर्यंत गंजात तसेच राहू दिले. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, आंबटापुढे बऱ्यापैकी टिकते, पण क्षारापुढे हळूहळू हार खाते. उकळून लगेच ओतून टाकणे आणि स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळणे हेच बरोबर होते. खुरप्याने झालेल्या नुकसानीपुढे माझी चूक लहान होती, पण ती नोंदवायला हवी.

सकाळी नारळाच्या शेंडीने आणि बारीक चाळलेल्या राखेने घासून गंज धुतला. तळ दिसला, आणि मंडळात आनंदीआनंद झाला. “सर, पाहा नं, कसा नवाकोरा निघाला!” तळाच्या मध्यभागी भाकरीएवढा भाग खरोखरच झगझगीत गुलाबी झाला होता. त्याच्या भोवती खुरप्याचे चरे होते, तेही गुलाबी. बाकीचा आतला भाग करडा, निस्तेज, जस्ताच्या बादलीसारखा दिसत होता, आणि पोरांचे म्हणणे असे की आता तेवढाही घासून काढला की काम फत्ते.

शेजारच्या आजी लाकडाच्या मोळीवर टेकून हे ऐकत होत्या. त्यांचे माहेर भंडाऱ्याकडचे, जिथे पितळी भांड्यांचा धंदा जुना आहे. त्या उठून आल्या, गंजात वाकल्या आणि मला म्हणाल्या, “गुरुजी, थो आतून गुलाबी दिसून रायला नं, मंग कल्हई गेली त्याची. आतून करडा तं बरा, गुलाबी तं बुरा. अन् तुम्ही पोरं उरला तेवढाई घासाले निघाले!”

मला जे सांगायला पाच मिनिटे लागली असती ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. तांब्याच्या स्वयंपाकाच्या भांड्याचा आतला आणि बाहेरचा भाग यांच्या स्वच्छतेची कसोटी एकमेकींच्या विरुद्ध आहे. बाहेरून तांबे चमकले तर ते स्वच्छ. आतून तांबे चमकले तर ते भांडे स्वयंपाकाला निकामी, कारण आत तांबे दिसताच कामा नये, तिथे कथलाचा पातळ पदर असला पाहिजे. त्याचा करडेपणा हा मळ नव्हे. मंडळाने गंज ‘स्वच्छ’ केला याचा अर्थ त्यांनी गंजाचे संरक्षण सोलून काढले असाच होत होता.

आता ती भाकरीएवढी जागा केवळ खुरप्याने उघडी पडली की आधीच पडली होती, हे पाहायचे होते. गुलाबी भागाच्या कडेला मला ज्वारीच्या दाण्याएवढे चार-पाच रुपेरी थेंब सापडले, तळाला चिकटलेले, नखाने दाबले की किंचित चरा पडणारे. ते कथील होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणजे वरण उपसल्यावर इंगळावर राहिलेल्या गंजाचा मधला तळ २३२ अंशांच्या वर गेला, कल्हई वितळली, आणि जिथे उतार होता तिथे जाऊन थेंब झाली. खुरप्याने नंतर फक्त मोकळी वाट केली. दहा मिनिटे की अर्धा तास, या वादाला थेंबांनी उत्तर दिले नाही. पण गंज नुसताच करपला नव्हता, कोरडा तापला होता, हे त्यांनी पक्के सांगितले.

एरवी मी इथेच थांबलो असतो आणि कल्हईवाला शोधा म्हणालो असतो. अडचण अशी होती की आठ दिवसांनी गावात लग्न होते, वधूपक्षाने गंज आधीच मागून ठेवला होता, आणि त्यात शिजायची होती कढी. आंबट ताकाची कढी, तीही पंगती उठेपर्यंत भांड्यातच राहणारी. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला की तांब्याचे पाणी तर आरोग्याला चांगले म्हणतात, मग कढीने काय होते? यावर व्याख्यान देण्यापेक्षा मी एक साधा प्रयोग करायचे ठरवले.

गुलाबी जागेवर लिटरभर चिंचेचे पाणी, चमचाभर मीठ घालून, संध्याकाळी ओतले आणि झाकून ठेवले. सकाळी ते काचेच्या ग्लासात काढले तेव्हा चिंचेच्या तपकिरीत हिरवट झाक आली होती. मग एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला आणि त्या ग्लासात अर्धा बुडवला. दोन तासांनी खिळा वर काढला. बुडलेल्या अर्ध्या भागावर तांबूस पापुद्रा बसला होता, बोटाने पुसल्यावर निघणारा. न बुडलेला अर्धा भाग तसाच पांढरा. पाण्यात उतरलेले तांबे लोखंडावर येऊन बसते आणि त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात जाते, हे अकरावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षे मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात दाखवीत आलो होतो. इथे मोरचूद कोणी टाकले नव्हते. तांबे गंजातूनच आले होते. अध्यक्षांनी खिळा हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि कढीचा विषय पुन्हा काढला नाही.

साधे पाणी आणि कढी यांतला फरक आंबटपणाचा आहे. साध्या पाण्यात तांबे अत्यल्प उतरते. आम्ल असले, हवा असली आणि वेळ मिळाला की ते भराभर उतरते. मिठाने आणि उष्णतेने आणखी. आपल्याकडे ‘ताक कळकले’ असे म्हणतात ते हेच. चव तुरट-धातूसारखी लागते, मळमळते, पोटात कळ येते, उलट्या होतात, आणि हे बहुधा जेवल्यावर थोड्याच वेळात सुरू होते, म्हणून पंगतीत एकदम दहा जणांना झाले की लोक दुधाला किंवा पाण्याला दोष देतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०११ च्या विनियमांतही, नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे गंजलेल्या डब्याच्या पंक्तीत बसवून अन्नासाठी अयोग्य ठरवले होते. आजींनी तो नियम वाचला नव्हता, हे सांगायला नकोच.

प्रयोगाचे हिरवट पाणी पोरे देवळामागच्या जनावरांच्या टाक्यात ओतायला निघाली होती, कारण चैत्रात आमच्याकडे पाणी कोणी वाया घालवीत नाही. ते थांबवावे लागले. तांबे मेंढ्यांना विशेष बाधते, आणि त्या टाक्यावर धनगरांच्या मेंढ्या येतात.

दरम्यान उपायांच्या सूचना येतच होत्या. एकाने शौचालय धुण्याचे ॲसिड आणले. ते मी बाटलीसकट परत पाठवले, कारण त्याने उरलीसुरली कल्हई तासाभरात गेली असती आणि त्याची वाफ घशाला जाळते ती वेगळीच. दुसऱ्याने वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश मागवला होता. तिसरा म्हणत होता की गंज पालथा घालून खाली मोठा जाळ करावा म्हणजे उरलेला कोळसा आपोआप जळून जाईल. हा शेवटचा उपाय लोखंडी कढईला चालतो. इथे त्याने सगळी कल्हई थेंबाथेंबांनी चुलीत गळाली असती.

बाहेरच्या अंगाची सफाई मात्र पोरांनी उत्तम केली, आणि त्यात मला काही शिकवावे लागले नाही. आधी ओल्या राखेने काजळी उतरवली, मग चिंचेचा कोळ आणि जाडे मीठ शेंडीवर घेऊन हाताच्या पंजाएवढा एकेक भाग घासला आणि तो भाग वाळू न देता लगेच धुतला. आंबट तसेच वाळू दिले तर त्याच जागी हिरवा कळंक येतो. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवला. काठावरची अक्षरे स्पष्ट वाचता येऊ लागली, आणि ‘संस्थान’मधला अनुस्वार ठोकणाऱ्याने पुढच्या अक्षरावर दिला आहे हे पहिल्यांदाच लक्षात आले.

कल्हईवाला सापडायला चार दिवस लागले. पूर्वी दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत गावोगाव हाक देत फिरणारी ही माणसे आता क्वचित दिसतात, कारण स्टीलला आणि जर्मनला कल्हई लागत नाही. आठवडी बाजारात कुलपे दुरुस्त करणाऱ्याने एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. तो मुलाच्या मोटारसायकलवर भाता घेऊन आला. गंज पाहून त्याने पहिला प्रश्न केला, “खुरपं कोणं चालवलं?” कोणी उत्तर दिले नाही.

त्याच्याकडचे कथील तपासल्याशिवाय काम द्यायचे नाही असे मी ठरवले होते, कारण या धंद्यात शिसे मिसळण्याचा मोह मोठा असतो. शिसे स्वस्त असते, आणि योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे कोळसाही कमी लागतो. असे भांडे दिसायला चांगले दिसते आणि पोटात शिसे घालते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते. शिसे वाढत जाते तसा तो आवाज मरत जातो. शिशाची कांडी कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी काळसर रेघही उमटते. मी कांडी मागितली तेव्हा म्हातारा हसला, त्याने ती स्वतःच माझ्या कानाजवळ नेली आणि वाकवली. करकर स्वच्छ ऐकू आली. कागदावर रेघ उठली नाही.

मग त्याने जे केले ते पाहून पोरे चक्रावली : मी तीन दिवस ज्या वाळूला मनाई करीत होतो तीच वाळू त्याने पहिल्यांदा गंजात टाकली आणि तेजाबाचा हात देऊन, पायाने घासून, आतला सगळा भाग उघडा केला. जुनी फाटकी कल्हई पूर्ण काढायचीच असते, तेव्हा वाळू योग्य. कल्हई वाचवायची असते तेव्हा तीच वाळू घातक. जमिनीत खड्डा करून त्याने कोळसा पेटवला, भात्याने फुलवला आणि गंज त्यावर सारखा फिरवत तापवला. नवसागराची पूड टाकताच पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि सगळे मागे सरले. त्या धुरात तांब्यावरचे ऑक्साइड जाते आणि कथील धरायला ताजी जागा मिळते. नवसागर नसेल तर कथील पाण्यावरच्या तेलासारखे गोळा होऊन राहते. त्याने कांडी तापलेल्या तळावर नुसती टेकवली, ती लोण्यासारखी उतरली, आणि कापसाच्या बोळ्याने दोन-तीन वळशांत गुलाबी तळ रुपेरी झाला. कापूस आमच्या वावरातलाच होता. शेवटी गंज पाण्यात बुडवला तेव्हा चर्र आवाज झाला. या सगळ्याला दीड तास लागला आणि कथील गेले शंभर ग्रॅमच्या आसपास.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा चिंचेचे पाणी आणि मीठ त्याच जागेवर ठेवले आणि सकाळी घासलेला नवा खिळा त्यात सोडला. खिळा काळपटला, जसा कोणत्याही आंबट पाण्यात काळपटतो. तांबूस पापुद्रा त्यावर आला नाही.

लग्नाची कढी तरीही स्टीलच्या डेगीत करावी, हे मी वधूच्या वडिलांना सांगितले आणि त्यांनी ते मानले. कल्हई कितीही चांगली असली तरी पदर पातळ असतो आणि पंगतीत पळी कुठे लागेल याचा नेम नसतो. गंजात भात झाला. मंडळाने गंजासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिल्या आहेत : आधी पाणी, मग जाळ, फोडणी वेगळ्या लोखंडी कढईत, कारण तापलेले तेल सहज कल्हईच्या वितळणबिंदूजवळ पोचते, ढवळायला लाकडी सराटा, बुडाला चढवण्याआधी माती-राखेचा लेप, आणि वरण उपसले की गंज त्याच क्षणी खाली. खुरप्याविषयीही एक ओळ होती. ती कोणीतरी पुसली आहे.

आजी दुसऱ्या दिवशी येऊन गेल्या. त्यांनी गंजात हात घातला, तळावरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, आणि गंज पालथा घालायला पोरांना सांगून घराकडे निघाल्या.